मातीतले जड धातू: तपासणीपासून ताटापर्यंत काय करायचं

माती परीक्षणाचा अहवाल हातात पडतो, नत्र-स्फुरद-पालाश ठीक असतं, सेंद्रिय कर्बही बरा असतो आणि माणूस निर्धास्त होतो. पण मृदा आरोग्य पत्रिकेत जे बारा घटक मोजले जातात, त्यांत शिसं नाही, कॅडमियम नाही, क्रोमियम, आर्सेनिक, पारा यांपैकी काहीच नाही. जस्त आणि तांबं असतं, पण तेही पिकाला कमी पडतंय का एवढंच पाहायला. जमीन विषारी आहे का, हा प्रश्न त्या पत्रिकेने कधी विचारलेलाच नसतो. तो आपल्यालाच विचारावा लागतो.

हा लेख अशांसाठी आहे जे शहराच्या कडेला, नाल्याच्या किंवा नदीच्या सांडपाण्यावर भाजीपाला करतात, जुन्या घराच्या परसात वाफे करतात, सोसायटीच्या आवारात किंवा गच्चीवर बाहेरून माती आणून बाग लावतात, किंवा ज्यांची लहान मुलं अशा अंगणात खेळतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करून घ्या. कीटकनाशकाचं कालांतराने विघटन होतं, धातूचं होत नाही. शिसं वरच्या वीतभर थराला धरून दशकानुदशकं बसून राहतं. म्हणून ‘माती शुद्ध कशी करू’ हा प्रश्न बहुतेक वेळा चुकीच्या जागी सुरू होतो. ‘माझ्या मातीत कोणता धातू आहे आणि तो कोणत्या वाटेने शरीरात शिरतोय’ असं विचारलं, की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. शिशाची मुख्य वाट धूळ आणि मुलांचे हात. कॅडमियमची मुख्य वाट पीक. उपायही त्यामुळे वेगळे.

पायरी पहिली: जागेचा इतिहास काढा

प्रयोगशाळेला पैसे देण्याआधी चार म्हाताऱ्या माणसांशी बोला. इथे पूर्वी काय होतं? भंगाराचं गोदाम, बॅटऱ्या फोडण्याचा धंदा, शिशाची भट्टी, इलेक्ट्रोप्लेटिंगचा गाळा, छापखाना, गॅरेज? गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून शिसं वितळवलेल्या जागेची माती भट्टी बंद होऊन वीस वर्षं झाली तरी धोकादायक राहू शकते.

मग रस्ता बघा. शिसेयुक्त पेट्रोल आपल्याकडे २००० साली देशभर बंद झालं, पण त्याआधीच्या दशकांचं शिसं जुन्या वर्दळीच्या रस्त्यांच्या कडेच्या मातीत अजून आहे. जुनी इमारत असेल तर तिचा रंग बघा. घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ठेवणारा नियम २०१६ मध्ये आला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं भरपूर असू शकतं. जुनी दारं-खिडक्या आणि ग्रिल पॉलिशपेपरने घासली की ती पूड भिंतीच्या पायथ्याशी पडते, आणि हौशीने पुदिना-कोथिंबिरीचा वाफा नेमका तिथेच केलेला असतो.

पाणी कुठलं आहे हे तर शेतकऱ्याला माहीतच असतं. मुंबईत रेल्वेरुळांलगत नाल्याच्या पाण्यावर वाढणारी पालेभाजी सगळ्यांनी पाहिलेली आहे. पुण्याच्या खालच्या अंगाला मुळा-मुठेच्या आणि बेबी कालव्याच्या पाण्यावर ऊस आणि भाजीपाला होतो. अशा प्रत्येक जमिनीत विष आहे असं मुळीच नाही. घरगुती सांडपाण्यापेक्षा कारखान्यांचं पाणी मिसळलेलं सांडपाणी अधिक घातक असतं. पण वर्षानुवर्षं अशा पाण्यावर असलेली जमीन तपासायलाच हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

बाहेरून काय आणून टाकलं, याची यादी स्वतंत्र करा. शहरी कचऱ्याचं कंपोस्ट, मैलापाणी प्रकल्पातला गाळ, औष्णिक वीज केंद्राची राख. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून आलेला तलावाचा गाळ बहुतेक ठिकाणी सोन्यासारखा असतो. मात्र तलावात गावाबाहेरच्या कारखान्याचा किंवा शहराचा नाला येत असेल तर तो ट्रॅक्टरमध्ये भरण्याआधी तपासा, शेतात पसरल्यावर नाही. द्राक्षबागेत वर्षानुवर्षं मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारलं असेल तर तांबं साठतं. स्फुरदयुक्त खतांतूनही कॅडमियम थोडं थोडं येतं, कारण ते मुळात खनिज फॉस्फेटमध्येच असतं.

आणखी दोन गोष्टी आपल्याकडे हमखास सुटतात. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. बांधावरच्या म्हसोबाचं किंवा मारुतीचं शेंदराचं कवच खरवडून तिथेच टाकलं असेल तर त्या जागेला लागून पालेभाजी करू नका. दुसरी गोष्ट घरच्या गणपतीची. मूर्ती शाडूची आहे म्हणून बादलीत विसर्जन करून ते पाणी आणि माती आपण श्रद्धेने कुंडीत ओततो. माती चांगलीच असते, पण मूर्तीवरचा चकाकणारा लाल, पिवळा, सोनेरी रंग कशाचा आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. बिनरंगाची किंवा हळद, गेरू यांनी रंगवलेली मूर्ती असेल तर माती खुशाल वापरा. एरवी ती शोभेच्या झाडाला घाला, तुळशीला किंवा भाजीला नको.

पायरी दुसरी: नमुना नीट घ्या

अहवाल चुकतो तो बहुतेक वेळा शेतातच चुकतो. जस्ताचा मुलामा दिलेलं घमेलं, रंग उडालेलं खुरपं, गंजकं फावडं यांतूनच धातू नमुन्यात येतात. स्टीलचं किंवा लाकडी साधन आणि प्लास्टिकचा टब घ्या. खताच्या किंवा सिमेंटच्या रिकाम्या गोणीत माती भरू नका.

शेतीसाठी नागमोडी फिरत एकरी आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा खड्डा करून पंधरा-वीस सेंटिमीटरपर्यंतची माती घ्या. सगळी एकत्र मिसळा, ढेकळं फोडा, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवा, दोन टाका. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. माती सावलीत वाळवा.

मूल खेळतं त्या अंगणाचा नमुना मात्र वेगळा. तिथे वरचा दोन ते पाच सेंटिमीटरचाच थर घ्या, कारण मुलाच्या बोटांना लागते ती तीच माती. वीस सेंटिमीटर खोल खणून मिसळलंत तर वरचं शिसं खालच्या स्वच्छ मातीत विरून जातं आणि अहवाल उगाच गोड येतो.

जिथे संशय जास्त आहे त्या जागा एकत्र मिसळू नका. भिंतीच्या पायथ्याचा एक नमुना, नाल्याचं पाणी शेतात शिरतं त्या तोंडाचा एक, शेताच्या लांबच्या टोकाचा एक. आणि एक नमुना असा, जो बहुतेक लोक घेतच नाहीत: जवळच्याच माळावरची, कधी पाणी-खत न लागलेली, त्याच प्रकारची माती. त्याची गरज पुढे कळेल.

पायरी तिसरी: प्रयोगशाळेला काय सांगायचं

एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली प्रयोगशाळा निवडा आणि तिच्या मान्यतेच्या यादीत मातीतले जड धातू आहेत ना, हे विचारा. मान्यता पाण्यापुरतीच असू शकते. मागणी स्पष्ट लिहून द्या: आम्लात पचन करून काढलेलं एकूण प्रमाण, आयसीपी पद्धतीने (धातू मोजायची यंत्रावरची पद्धत), मिलिग्रॅम प्रति किलोत. कृषी प्रयोगशाळा डीटीपीए द्रावणाने जस्त-तांब्याचा जो आकडा काढतात तो पिकाला उपलब्ध असलेल्या भागाचा असतो. त्याची एकूण प्रमाणाच्या मर्यादेशी तुलना केली की हमखास सगळं सुरक्षित दिसतं.

किमान शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, आर्सेनिक, तांबं आणि जस्त मागा. पारा फक्त संशय असेल तर. सोबत सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्लधर्मी हे सांगणारा आकडा), सेंद्रिय कर्ब आणि क्षारता हवीच, कारण सामू माहीत नसेल तर कॅडमियमच्या आकड्याचा अर्थच लागत नाही.

पायरी चौथी: आकडे वाचायचे कसे

मिलिग्रॅम प्रति किलो आणि पीपीएम एकच. भारतीय शेतजमिनींच्या अभ्यासांत ज्या मर्यादा वापरल्या जातात त्या अशा: कॅडमियम ३ ते ६, शिसं २५० ते ५००, निकेल ७५ ते १५०, तांबं १३५ ते २७०, जस्त ३०० ते ६००. या मर्यादा सैल आहेत, असं माझं मत आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने राहत्या जागेच्या मातीतल्या शिशाची सावधगिरीची पातळी २०२४ मध्ये ४०० वरून २०० वर आणली. घरात लहान मूल असेल तर मी २०० हाच आकडा धरेन. निर्धोक मातीत शिसं साधारण १० ते ५० असतं आणि कॅडमियम एकाच्या आत.

इथे महाराष्ट्रातल्या वाचकाने थांबून एक गोष्ट समजून घ्यावी. आपली काळी माती बेसॉल्टपासून, म्हणजे काळ्या कातळापासून झाली आहे, आणि त्या कातळातच क्रोमियम, निकेल आणि तांबं मुळात जास्त असतं. विदर्भात किंवा मराठवाड्यात कारखान्याचं तोंड न पाहिलेल्या शेतातही क्रोमियम किंवा तांबं शंभरच्या पुढे येऊ शकतं. परदेशी तक्त्याशी तुलना केली की शेतकरी घाबरतो. हे नैसर्गिक क्रोमियम बहुतांश त्रिसंयुजी, म्हणजे कमी विषारी रूपातलं आणि खनिजात अडकलेलं असतं आणि पिकात फारसं जात नाही. धोकादायक असतं ते त्याचं दुसरं, षट्संयुजी रूप, प्लेटिंगसारख्या कारखान्यांतलं. माळावरचा नमुना घ्यायला सांगितला तो यासाठीच. शेत आणि माळ दोन्हींत क्रोमियम १४० असेल तर ती कातळाची देणगी आहे. माळावर शिसं १८ आणि शेतात २१० असेल तर ते कुणीतरी आणून टाकलेलं आहे, मग २१० मर्यादेच्या आत असो वा नसो.

दुसरा भेद सामूचा. काळ्या जमिनीचा सामू साडेसात ते साडेआठ, त्यात चुनखडी आणि चिकणमाती. असा जमिनीचा प्रकार कॅडमियम आणि शिसं घट्ट धरून ठेवतो. कोकण आणि गोव्याची जांभ्याची माती आम्लधर्मी असते, तिथे तेच कॅडमियम पिकाला सहज मिळतं. म्हणून कॅडमियम १.५ हा आकडा सोलापुरात आणि सिंधुदुर्गात सारखा वाचायचा नाही.

शरीरात काय होतं

शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. लहान मुलं मोठ्यांच्या चार-पाच पट शिसं शोषतात आणि त्यांचा मेंदू घडत असतो. बुद्ध्यांक, एकाग्रता, वागणं यांवर झालेला परिणाम भरून निघत नाही. मोठ्यांमध्ये रक्तदाब आणि मूत्रपिंडाचे आजार वाढतात. शिसं हाडांत साठतं आणि गरोदरपणी हाडांतून कॅल्शियमसोबत रक्तात उतरून बाळापर्यंत पोचतं. पोटात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं, आणि आपल्याकडे रक्तक्षय किती घरांत आहे हे वेगळं सांगायला नको.

कॅडमियम मूत्रपिंडात साठतं आणि निम्मं बाहेर पडायला दहा ते तीस वर्षं लागतात. जपानमध्ये तोयामा प्रांतात कामिओका खाणीतलं कॅडमियम जिंझू नदीतून भातखाचरांत उतरलं. तोच भात खाणाऱ्या, विशेषतः अनेक बाळंतपणं झालेल्या प्रौढ बायकांची हाडं इतकी ठिसूळ झाली की साध्या खोकल्यानेही मोडत. सरकारने १९६८ मध्ये हा आजार प्रदूषणामुळे झाल्याचं मान्य केलं. खाचरांची माती दुरुस्त करण्याचं काम १९७९ मध्ये सुरू झालं ते २०१२ मध्ये संपलं. शेतात धातू येऊ न देणं किती स्वस्त पडतं, हे या वर्षांतून दिसतं.

तंबाखूचं रोप कॅडमियम फार ओढतं. त्यामुळे विडी, सिगारेट, मिश्री यांचं व्यसन असलेल्या माणसावर आधीच ओझं असतं. आर्सेनिकने त्वचेवर डाग आणि खरखरीत गाठी येतात, पुढे कर्करोगाचा धोका.

पायरी पाचवी: पहिल्याच आठवड्यात करायच्या गोष्टी

धातूचा नवा पुरवठा बंद करा. नाल्याचं पाणी थांबवता येत नसेल तर निदान पालेभाजीला ते देऊ नका. ज्या गाळाचा किंवा कंपोस्टचा उगम सांगता येत नाही तो घेऊ नका. शहरी कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशात मर्यादा आहेत: शिसं १००, कॅडमियम ५, क्रोमियम ५०, निकेल ५०, आर्सेनिक १० मिलिग्रॅम प्रति किलो. विक्रेत्याकडे त्या खेपेचा अहवाल मागा. तो देत नसेल तर शेणखत बरं.

शिसं जास्त असेल तर उघडी माती झाका. मुलं खेळतात तिथे हरळी, फरशी, किंवा जाड कापड अंथरून त्यावर वीतभर स्वच्छ माती. चपला दाराबाहेर, केर काढण्याआधी ओलं फडकं, आणि जेवणाआधी मुलांचे हात साबणाने नीट, नखांसकट. हे किरकोळ वाटतं, पण शिशाच्या बाबतीत शेतातल्या कोणत्याही उपायापेक्षा याचा फायदा मोठा आहे.

पायरी सहावी: पीक बदला

पालक, माठ, चुका, मेथी, कोथिंबीर ही कोवळ्या पानांची पिकं कॅडमियम सर्वाधिक साठवतात, आणि जमिनीलगतच्या पानांवर शिशाची धूळही बसते. गाजर, मुळा, बीट यांच्या सालीला माती चिकटून येते. दुधी, दोडका, काकडी, गवार, वाल, टोमॅटो, मका यांच्या फळात किंवा दाण्यात धातू कमी पोचतात. वांगं मात्र फळभाजी असूनही कॅडमियम बऱ्यापैकी घेतं. कॅडमियमचा प्रश्न असलेल्या जमिनीत ते टाळा. प्रमाण फारच जास्त असेल तर खायचं पीक सोडून फुलशेती, बांबू किंवा रोपवाटिका हाच सरळ मार्ग.

भाताचं गणित नाजूक आहे. खाचरात पाणी भरून ठेवलं, विशेषतः लोंबी येताना, तर कॅडमियम दाण्यात कमी जातं. पण आर्सेनिकचं नेमकं उलटं, पाणी साचलं की ते वाढतं. म्हणून कोणता धातू आहे हे कळल्याशिवाय पाण्याचा सल्ला कुणाचाही ऐकू नका.

भाजी वाहत्या पाण्याखाली तीनदा धुवा, बाहेरची पानं काढा, कंदाची साल जाड काढा. याने चिकटलेली माती आणि धूळ जाते. पानाच्या आत गेलेला धातू मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्याने निघत नाही.

पायरी सातवी: मातीत धातू बांधून ठेवा

आम्लधर्मी जमिनीत कृषी चुना घालून सामू साडेसहा-सातपर्यंत आणा. कॅडमियम, शिसं, जस्त, निकेल यांवर याचा चांगला परिणाम होतो. काळ्या जमिनीला चुन्याची गरज नाही, तिथे घालू नका. कुजलेलं शेणखत किंवा तपासलेलं कंपोस्ट भरपूर द्या, सेंद्रिय पदार्थ धातूंना धरून ठेवतो. जस्ताची कमतरता असेल तर शिफारशीप्रमाणे झिंक सल्फेट द्या, कारण जस्ताला भुकेलेलं पीक कॅडमियम जास्त उचलतं. स्फुरद शिशाला घट्ट करतं. पण जमिनीत आर्सेनिक असेल तर जास्तीचं स्फुरद त्याला मोकळं करतं, आणि चुनाही तिथे जपूनच.

हे उपाय धातू काढत नाहीत, झोपवतात. सामू पुन्हा घसरला की ते जागे होतात.

सूर्यफूल किंवा मोहरी पेरून शिसं ओढून घ्यायचा सल्ला फार फिरतो. हिशेब करून बघा. एकरभर जमिनीच्या पंधरा सेंटिमीटर थराचं वजन साधारण आठ लाख किलो. शिसं ३०० असेल तर त्यात २४० किलो शिसं झालं. चार टन वाळलेला पाला निघाला आणि त्यात किलोमागे ५० मिलिग्रॅम शिसं गेलं असं धरलं, तर एका पिकात निघालं २०० ग्रॅम. म्हणजे बाराशे पिकं. वर तो पाला ना जनावराला घालता येतो, ना खतात. आर्सेनिकसाठी काही नेचे उपयोगी पडतात, पण शिशासाठी या नादाला लागू नका.

परसात सर्वांत सोपा मार्ग उंच वाफ्याचा. खाली जाड जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं पण माती अडवणारं कापड), वर किमान ३० सेंटिमीटर उगम माहीत असलेली माती. वाफ्याच्या कडांना जुनी रंगवलेली फळकुटं नकोत.

डॉक्टरकडे कधी जायचं

अंगणातल्या मातीत शिसं २०० च्या वर असेल आणि घरात सहा वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई असेल, तर लक्षणांची वाट पाहू नका. शिरेतून रक्त घेऊन शिशाची तपासणी करा. मूल माती खात असेल तर नक्कीच. जागतिक आरोग्य संघटना डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम या पातळीपासून स्रोत शोधायला सांगते. औषधाने शिसं बाहेर काढण्याचा उपचार मुलांत साधारण ४५ च्या पुढे आणि रुग्णालयातच होतो. केसांच्या तपासणीवर किंवा ‘डिटॉक्स’च्या पुड्यांवर पैसे घालवू नका, आणि वैद्याने स्वतः तपासून दिल्याशिवाय भस्मं घेऊ नका, काही भस्मांत धातू असतातच. लोह कमी असेल तर त्याचा उपचार मात्र लगेच सुरू करा.

प्रश्न एका शेताचा नसेल तेव्हा

शेजारच्या चार शेतांतही हेच आकडे येत असतील तर वैयक्तिक उपाय पुरणार नाहीत. दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे केंद्राचे नियम जुलै २०२५ मध्ये आले आहेत. त्यांत संशयित जागांची यादी करणं, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने तपासणी करणं आणि प्रदूषण करणाऱ्याकडून खर्च वसूल करणं अशी चौकट आहे. जिल्हाधिकारी आणि मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला एकत्र अर्ज द्या. गट क्रमांक, नमुन्याच्या जागा दाखवणारा नकाशा, प्रयोगशाळेचे मूळ अहवाल आणि माळावरच्या मातीचा आकडा जोडा. पोच घ्या. माळावरचा आकडा जोडला नाही तर ‘हे नैसर्गिकच आहे’ असं एका ओळीचं उत्तर मिळण्याची शक्यता मोठी असते.

पुढची तपासणी दोन-तीन वर्षांनी, त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने आणि वर्षाच्या त्याच काळात करा. सामू मात्र दरवर्षी बघा. एकाच वेळचा पैसा माती किंवा भाजी यांपैकी एकावरच खर्च करता येणार असेल, तर पहिल्या वर्षी माती तपासा आणि दुसऱ्या वर्षी त्याच वाफ्यातला पालक.